रबर पकायचं गणित

आमची ओळख एका चुकीमुळे झाली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. यवतमाळच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सी भाषेतला एक प्रोग्राम लिहीत होते आणि तो काही केल्या चालत नव्हता. गरम पाण्याचं भांडं ओट्यावर ठेवलं की ते हळूहळू कसं निवतं, याचा हिशेब करायचा होता. त्यासाठी ‘एक्स्प’ नावाचं फंक्शन लागतं. एखादी गोष्ट जेवढी आहे त्याच प्रमाणात वाढत किंवा घटत असेल, तर तिचा हिशेब हे फंक्शन करून देतं. मी प्रोग्रामच्या डोक्यावर मॅथ लायब्ररीचं, म्हणजे गणिताच्या तयार फंक्शनांच्या संचाचं, नाव लिहिलं होतं, कंस तपासले होते, तरी संगणक म्हणत होता, हा एक्स्प कोण, मला माहीत नाही.

शेजारच्या संगणकावरची मुलगी माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, “अवं, वर नाव लिहून काय होते? नावानं तो फक्त ओळखते. लायब्ररी जोडून द्या लागते.” आणि माझ्याकडे वाकून तिने आज्ञेच्या शेवटी एक आडवी रेघ आणि दोन अक्षरं टाइप केली, एल आणि एम. प्रोग्राम चालला. पडद्यावर पाणी निवू लागलं. ती परत आपल्या संगणकाकडे वळली, जणू काही तिने माझ्या ओढणीला लागलेलं कुसळ काढून दिलं होतं.

ती पांढरकवड्याची. तिच्या वडिलांचं नागपूर-हैदराबाद रस्त्यावर टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. मी नेरची, कापूस आणि तूर पिकवणाऱ्या घरातली. पुढच्या वर्षी आम्ही दोघींनी आर्णी रोडला एक खोली घेतली. माझ्या आईने फोनवर विचारलं, “जेवणाचं कसं करता वं तुम्ही?” मी सांगितलं, एकाच शेगडीवर. आई जरा थांबली आणि म्हणाली, “तिले आपला ठेचा चालते काय? पाठवतो.” आमच्याकडे बायकाही ‘पाठवतो’, ‘येतो’, ‘जातो’च म्हणतात. त्यानंतर दर महिन्याला नेरच्या बसने दोन बरण्या यायच्या, एक माझ्यासाठी आणि एक खास तिच्यासाठी, कमी तिखटाची.

मी पहिल्यांदा तिच्या गावी गेले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड, समोर झिजलेल्या टायरांच्या थप्प्या. ट्रकचं टायर गुळगुळीत झालं की ते फेकत नाहीत. त्याची वरची कातडी यंत्रावर घासून काढतात, त्यावर कच्च्या रबराचा पातळ थर देतात, वर नक्षीचा नवा पट्टा चढवतात, आणि अशी बरीच टायरं एकदम एका लोखंडी चेंबरमध्ये ठेवून दार आवळतात. आत गरम हवा आणि दाब. काही तासांत कच्चं रबर पकतं आणि नवा पट्टा जुन्या टायरला कायमचा धरतो. तिथे सगळे ‘पकतं’च म्हणायचे, स्वयंपाकासारखं. घासलेल्या रबराची काळी भुकटी सगळीकडे असायची. चहाच्या कपाच्या काठावरसुद्धा.

त्या दिवशी चेंबर भरलेलं होतं आणि भर दुपारी लाइन गेली. पंखा थांबला, घासायचं यंत्र थांबलं, आणि तिचे वडील खुर्चीवरून उठून चेंबरच्या काट्याकडे जाऊन उभे राहिले. मी त्यांना चाचा म्हणायचे. काटा खाली येत होता.

“आता?” मी विचारलं.

“आता काय. लाइन आली का पहिल्यापासून,” ते म्हणाले. “किती पकलं, किती राह्यलं, कोणाले माहीत? कमी पकलं तर पट्टा रोडवर निघून जाते. माणूस मरते. त्याच्यापेक्षा जास्त पकलेलं बरं.”

पण जास्त पकलेलंही बरं नसायचं. रबर कडक व्हायचं, उन्हात भेगा पडायच्या, ड्रायव्हर लोक परत येऊन बोलायचे. आणि तेव्हा लाइन तर रोजच जायची. चाचा प्रत्येक वेळी घड्याळ पहिल्यापासून लावायचे आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरायचा.

त्याच दुपारी जेवताना ती मला म्हणाली, “रबरवाल्या कंपनीचा माणूस सांगते, दहा डिग्री वाढली का पकायचा वेग दुप्पट. दहा डिग्री कमी, तर अर्धा.”

“मग?”

“मग हे तुझं पाणीच ना. उलटं. चेंबर थंड झालं म्हणून पकणं थांबत नाही, हळू होते. दर मिनिटाले ताप मोजायचा, त्या मिनिटात किती पकलं ते एक्स्पनं काढायचं आन् बेरीज करत जायचं. बेरीज भरली का घंटी वाजवायची. लाइन गेली काय, आली काय.”

तिच्या आईने ताटात दालचा वाढला तरी तिचं लक्ष नव्हतं. बोटाने ताटाच्या कडेवर ती तो वक्र काढत होती, आधी सरळ, मग एकदम वर चढणारा. मी तिच्याकडे पाहत राहिले. वर्गात आम्ही ते फंक्शन परीक्षेसाठी शिकलो होतो. त्याला टायरचा वास असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही तेच घेतलं. मार्गदर्शक सर हसले. म्हणाले, “पोरींनो, टायर? पुस्तकांच्या लायब्ररीचं मॅनेजमेंट करा, मार्क मिळतील.” पण सही केली. दुपारी तास संपले की आम्ही प्रयोगशाळेत बसायचो. आधी सगळं कॉलेजच्या मोठ्या संगणकावर लिहिलं. तिथल्या लायब्ररीत थेट दोनाचा घात काढून देणारं वेगळं फंक्शन होतं, दुपटीच्या हिशेबाला अगदी नेमकं. मग जी छोटी चिप आम्ही चेंबरला लावायच्या पेटीत बसवणार होतो तिच्यासाठी तोच प्रोग्राम करायला घेतला, तर तिच्या लायब्ररीत ते फंक्शनच नव्हतं. मी हात टेकले. तिने पेनाने तळहातावर दोन ओळी लिहिल्या. घाताला शून्य पूर्णांक सहा नऊ तीनने गुणायचं आणि मग साध्या एक्स्पला द्यायचं. उत्तर तेच. दिवसभर तो आकडा तिच्या हातावर होता. वडापाव खातानाही तिने तो हात जपला.

पेटी तयार झाली, आणि चाचांनी ती चेंबरला लावू दिली ती एका अटीवर. घड्याळही चालू राहील, आणि शेवटचा शब्द घड्याळाचा. आम्हाला चालणार होतं. पहिल्या दिवशी लाइन गेलीच नाही. पेटी आणि घड्याळ जवळजवळ सोबतच वाजले. दुसऱ्या खेपेला मात्र मध्येच लाइन गेली, आणि पेटीवरचा आकडा सरकायचा मंदावला, पण थांबला नाही. पेटी बॅटरीवर होती. लाइन आल्यावर तो पुन्हा पळू लागला. पेटी वाजली तेव्हा घड्याळाच्या हिशेबाने अजून बराच वेळ बाकी होता.

चाचा एकदा पेटीकडे पाहत, एकदा पोरीकडे. मग म्हणाले, “खोल दो.”

दार उघडलं. वाफेसारखा गरम वास अंगावर आला. त्यांनी एक टायर बाहेर काढून निवू दिलं, पट्ट्याची कड पटाशीने उचलायचा प्रयत्न केला. उचलली नाही. नखाने दाबून पाहिलं. मग दुसरं टायर, मग तिसरं. शेवटी पटाशी बाजूला ठेवली आणि नोकराला हाक मारून सांगितलं, “घड्याळ काढून ठेव रे.” एवढंच. पण त्या दिवशी ते स्वतः जाऊन आमच्यासाठी कलिंगड घेऊन आले आणि तिथेच शेडमध्ये कापलं. आम्ही काळ्या हातांनी खाल्लं.

गडबडही झाली एकदा. घासायच्या यंत्राच्या हादऱ्याने तापमान मोजणाऱ्या तारेचं टोक ढिलं झालं आणि पेटीला भलतंच तापमान दिसू लागलं, हजारोंच्या घरात. ते तसंच एक्स्पला गेलं. या फंक्शनचा स्वभाव असा, की आकडा जरा मोठा दिला तर उत्तर डोंगराएवढं होतं, आणि फार मोठा दिला तर उत्तर चिपमध्ये मावतच नाही. चेंबर नुकतंच तापायला लागलं होतं आणि घंटी वाजू लागली. पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं आली, आय एन एफ.

“ये क्या है?” चाचांनी विचारलं.

“इन्फिनिटी, अब्बा. अनंत.”

“मतलब पक गया?”

“मतलब मशीन पागल हो गई,” ती म्हणाली आणि आम्ही सगळेच हसलो. पण ती हसता हसता गंभीर झाली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “पाह्य, एकदा बेरजेत अनंत पडलं का मग त्याच्यात काहीही मिळव, ते अनंतच राह्यते. आत्ता आपल्याले दिसलं, कारण लवकर वाजलं. उद्या अर्ध्या वेळानं वाजलं तर?” त्याच दिवशी तिने नियम घातला. तापमान शक्य त्या मर्यादेत असेल तरच ते फंक्शनकडे जाईल, नाहीतर पेटी वेगळ्या आवाजात ओरडेल. आजही मी मुलांना शिकवताना सांगते, फंक्शनला काय देता ते आधी पाहा. हे मी पुस्तकातून घेतलेलं नाही.

आम्ही पास झालो. तिला नागपूरला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. मला यवतमाळातच एका तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी लागली. तिचं जायचं सामान बांधून झालं होतं आणि चाचांना हृदयविकाराचा झटका आला. वाचले, पण डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. प्रवासही बंद. तिचा भाऊ हैदराबादला नोकरीला होता, त्याने दुकान विकून टाकू म्हटलं. ती म्हणाली, एक वर्ष मी पाहतो. प्रवेश तिने सोडून दिला. मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता. “पुढच्या वर्षी पुन्हा देतो परीक्षा. कुठे पळून जाते काय नागपूर?”

पुढचं वर्ष आलं नाही. पण ती दोन-तीन वर्षं मात्र मी पाहिली आहेत. दर रविवारी मी घाटंजीमार्गे बस पकडून पांढरकवड्याला जायचे. रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात एक मुलगी बसली आहे, हे आधी ड्रायव्हर लोकांना पचायचं नाही. ट्रक थांबवून ते शेडमध्ये डोकावायचे आणि विचारायचे, “मालिक किधर है?” ती म्हणायची, “टायर दिखाओ.” टायर हातात घेऊन ती आतून हात फिरवायची आणि सांगायची, हे चढवण्यासारखं नाही, आतली तार तुटली आहे, हे घेऊन गेला तर घाटात फुटेल. माल नाकारणाऱ्या दुकानावर लोकांचा विश्वास बसतो. आदिलाबाद, निर्मलकडचे ट्रक तिच्याकडे थांबू लागले. आम्ही दोघी पेटीत सुधारणा करत बसायचो. मी सोबत ठेचा न्यायचे. चाचा खाटेवर पडून आमच्यावर लक्ष ठेवायचे आणि कोणी त्यांना विचारलं की म्हणायचे, “मेरे को मत पूछो, इंजिनिअर को पूछो.” कोणता इंजिनिअर, हे ते कधी सांगायचे नाहीत. त्यांना आम्ही दोघी मिळून एकच होतो.

मग ती नागपूरची सभा ठरली. विदर्भातल्या रिमोल्डिंगवाल्यांची बैठक होती. चाचांच्या एका जुन्या दोस्ताने खटपट करून आम्हाला त्यात थोडा वेळ मिळवून दिला. लाइन जायचा त्रास सगळ्यांनाच होता. पेटी दाखवायची, आणि ज्यांना हवी त्यांना करून द्यायची. आम्ही नाव ठरवलं नव्हतं, पण छोटी कंपनी काढायची हे ठरलं होतं. ती दुकानाबद्दल बोलणार, मी हिशेबाबद्दल. ती म्हणाली होती, “हिशेब तू सांग. मी सांगितलं का भांडल्यासारखं वाटते.” तालीम म्हणून मी एकदा चाचांसमोर उभं राहून सगळं बोलून दाखवलं. चाचांनी खाटेवरून टाळ्या वाजवल्या.

ज्या दिवशी जायचं त्या सकाळी मी साडी नेसून तयार होते. नेरहून भावाचा फोन आला. आई चुलीपुढेच कलंडली होती, तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. तिला अमरावतीला नेत होते. मी नागपूरच्या ऐवजी अमरावतीच्या बसमध्ये बसले आणि बसमधून मैत्रिणीला फोन केला.

“तू जा,” ती म्हणाली. “माझं मी पाहतो. आईले पाह्य.”

“तू कशी करशील एकटी?”

“करतो ना. रडू नोको. पोहोचली का फोन कर.”

आई वाचली. तिची वाचा बरीचशी परत आली, हात अर्धाच आला. मी नोकरीतून रजा घेऊन नेरला राहिले, महिने गेले. नागपूरला काय झालं ते तिने मला दवाखान्यातच फोनवर थोडक्यात सांगितलं होतं. “ऐकून घेतलं बाप्पा सगळ्यांनी. चांगलं ऐकलं. टाळ्याबी वाजवल्या. पण म्हणतात, वडिलांना पाठवा, मग बोलू. जाऊ दे.” आणि मग हसत म्हणाली, “एकानं अब्बाचा नंबर घेतला ना. मले वाटलं ऑर्डर देते. संध्याकाळी फोन आला, भाच्यासाठी रिश्ता आहे म्हणे.”

मीही हसले तेव्हा. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते, आणि फोनच्या दोन टोकांना आम्ही दोघी किती हसलो.

ती आईला भेटायला नेरला आली तेव्हा आई तिला पाहून रडली. डाव्या हाताने तिने तिचा हात धरून ठेवला आणि अडखळत म्हणाली, “ठेचा... कोण... पाठवन आता.” ती आईच्या पायाशी बसून राहिली. पेटीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. पुन्हा सभा भरेल, पुन्हा जाऊ, असंच माझ्या मनात होतं. मला अजूनही कळत नाही, मी तसं तिला म्हटलं का नाही. बहुधा मला वाटलं, ती म्हणेल. तिला वाटलं असेल, मी म्हणेन. आईच्या औषधांच्या वेळा, मालिश, परत कॉलेज, रविवारी नेर. पांढरकवड्याचे रविवार नेरने घेतले.

पुढे जे झालं त्यात कोणाचा काही दोष नव्हता. मोठा रस्ता गावाबाहेरून गेला. ट्रक बाहेरच्या बाहेर जाऊ लागले. नवी टायरं स्वस्त झाली, आणि पुन्हा रबर चढवायचा विचार लोक करेनासे झाले. लाइनही आता पूर्वीएवढी जात नव्हती. दुकान तिने आणखी थोडं रेटलं. शेवटी भाऊ आला, जागा विकायचं ठरलं, आणि चेंबर करीमनगरकडच्या एका माणसाने पेटीसकट उचलून नेलं. मला तिने आदल्या दिवशी फोन केला होता. “पाह्यचं असंल तर ये.” दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती. सुटी मिळाली असती का, कोण जाणे. मी विचारलीच नाही. पेटी तरी काढून ठेव, असं सांगायचं सुचलं तोवर ट्रक निघून गेला होता.

आणि तो रिश्ता, ज्याच्यावर आम्ही हसलो होतो, तो पुन्हा आला. आदिलाबादचं घर होतं, त्यांचा स्वतःचा मोठा रिमोल्डिंगचा कारखाना होता. मुलगा चांगला होता. ती हो म्हणाली तेव्हा मला एकटीला कारण सांगितलं. “तिथे चार चेंबर आहेत.” तिचे डोळे तेव्हा पुन्हा तसेच झाले होते, ताटाच्या कडेवर वक्र काढतानाचे. लग्नात मी तिच्या शेजारी बसले होते, आणि मेंदीच्या हातांनी ती मला सांगत होती की चार चेंबर असले तर चारही एकाच पेटीला जोडता येतील. बायका हसत होत्या. नवरी आणि तिची मैत्रीण तारांबद्दल बोलतायत म्हणून.

वर्षभरात तिच्या सासरच्या भावाभावांत वाटणी झाली. कारखाना मोठ्या दिराकडे गेला. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला नव्या टायरचं शोरूम आलं. तो भला माणूस आहे, शोरूमचा सगळा कारभार तीच बघते. पण त्या शोरूममध्ये पकवण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात नव्या कल्पनांना मदत करायची एक योजना आली. कोणी जुनं काम पुढे नेणार असेल तर सांगा, असं प्राचार्य म्हणाले. मी त्याच दुपारी तिला फोन लावला. भीती वाटत होती, तरी लावला. आता वीज चांगली आहे, पण हीच पेटी दूध, लोणची, औषधं, कशालाही लावता येईल, तापमानाबरोबर ज्याचा वेग बदलतो असं काहीही, मी घाईघाईने बोलत सुटले.

ती ऐकत होती. मागे शोरूममधली हवेची मशीन चालल्याचा आवाज होता.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “मले आता त्यातलं काही आठवत नाही वं. प्रयत्न केला ना, तरी नाही आठवत. अब्बाची खाट आठवते. कलिंगड आठवते. तो प्रोग्राम नाही आठवत.”

“मी लिहिते ना. तू फक्त ये. तीस-चाळीस ओळी तर आहेत.”

“तूच लिही. तुले जमते.” मग म्हणाली, “तू पाच-सात वर्षं आधी फोन करायला पायजे होता.” रागाने नाही. बस चुकलेल्या माणसाला आपण सांगतो ना, आत्ताच गेली, तशी.

प्राचार्यांना मी नंतर सांगितलं की जमणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी पांढरकवड्याला गेले, पुष्कळ दिवसांनी. शेडच्या जागी लग्नाचा हॉल झाला आहे. चाचा मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांनी मला ओळखलं, पण आवाजावरून. मोतीबिंदू झाला आहे. चाचींनी चहा ठेवला. मी त्यांना पोरीशी झालेलं बोलणं सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की त्या दिवशी नागपूरला मी असते तर वेगळं झालं असतं.

“तू काहून असा विचार करते?” चाचा म्हणाले. “आईले सोडून आली असती काय? मी जायला पायजे होतो. ते लोक बापाशी बोलायचं म्हणत होते आन् बाप इथं खाटेवर. डॉक्टरनं नाही म्हटलं, मी मानलं. एक दिवस नसतो मानलो.”

“तुम्हाला काही झालं असतं तर?”

चाचांनी कप उचलला. बशीत चहा ओतला, फुंकला. मग म्हणाले, “तुले तिनं ते सांगितलं नाही ना?”

“काय?”

“बापाचं नंतर निघालं. पहिले त्या लोकांनी विचारलं, ही पेटी कोणी बनवली? एक-दोन जण घ्यायले तयार होते, माझा दोस्त सांगत होता. ही म्हणाली, आम्ही दोघींनी. हिशेब माझी मैत्रीण समजावून सांगते, ती आज नाही येऊ शकली. तर ते म्हणाले, मग ती आली का या. तेव्हा समजावून सांगा.” चाचांनी बशी खाली ठेवली. “हिशेब तर हिलेबी येत होता. हिलेच येत होता. दोस्त म्हणते, मी खुणा करून राह्यलो, बोल, तूच बोल. नाही बोलली.”

“का?” मी विचारलं.

“मीबी विचारलं. म्हणते, अब्बा, ते तिचं बोलणं होतं. मी कसं बोलणार.”

चाचींनी बिस्किटं आणून ठेवली. बाहेर हॉलमध्ये कोणाच्या तरी लग्नाचा बँड तालीम करत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा. चाचांनी आईची तब्येत विचारली, मी सांगितली. उजव्या हाताने आता ती पेला धरते म्हटल्यावर ते दोनदा “अल्हम्दुलिल्लाह” म्हणाले.

बसस्टँडवर मी तिला फोन लावला. तिच्या मुलीने उचलला. अम्मी गिऱ्हाइकाजवळ आहे म्हणाली. मी म्हटलं, काही काम नव्हतं, यवतमाळच्या मावशीचा फोन होता म्हणून सांग. तिने दुसऱ्या दिवशी परत फोन केला. आम्ही आईच्या हाताबद्दल बोललो, तिच्या मुलीच्या शाळेबद्दल, चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला करायचं की सेवाग्रामला, याबद्दल बोललो. मुलीला गणित आवडतं म्हणाली. मी म्हटलं, सुटीत पाठव माझ्याकडे. पाहू म्हणाली.

सभेतल्या त्या गोष्टीबद्दल मी तिला विचारलेलं नाही.